दोन टॅब, एक सेशन: एका टॅबची माहिती दुसऱ्यात घुसते तेव्हा

लक्षणं

वापरणाऱ्याने एका टॅबमध्ये एक अर्ज उघडला. मधेच फोन आला म्हणून दुसऱ्या टॅबमध्ये दुसरा अर्ज उघडून पाहिला. मग पहिल्या टॅबवर परत येऊन राहिलेली माहिती भरली आणि ‘जतन करा’ दाबलं. हिरवी पट्टी आली, ‘माहिती जतन झाली’. आणि ती माहिती जाऊन बसली दुसऱ्या अर्जावर.

एकाहून जास्त टॅब किंवा विंडो उघडल्यावर ॲप बिघडतं, अशा ज्या तक्रारी मी आजवर सोडवल्या त्यांत ही सर्वात धोकादायक. इथे एरर येतच नाही, त्यामुळे कित्येक दिवस कुणाच्या लक्षात येत नाही. याच घरातली बाकीची लक्षणं अशी:

– एका टॅबमध्ये दुसऱ्या खात्याने लॉगिन केलं. जुन्या टॅबवर अजून पहिल्याचंच नाव दिसतं, पण तिथे केलेलं काम दुसऱ्याच्या नावावर नोंदलं जातं.
– बराच वेळ उघड्या राहिलेल्या टॅबमधून फॉर्म पाठवला की सर्व्हरकडून ४०३ किंवा ४१९ हा नकाराचा एरर कोड येतो.
– एका टॅबमध्ये लॉगआउट केलं, तरी बाकीच्या टॅबमध्ये माहिती तशीच दिसते. बॅक बटण दाबलं तरी दिसते.
– दोन टॅबमधून कार्टमध्ये दोन वस्तू टाकल्या, एकच राहिली. पुन्हा करून पाहिलं तर दोन्ही राहिल्या.
– एकच टॅब असेल तर लॉगिन टिकतं. तीन-चार उघडे ठेवले की मधेच सगळ्यांतून बाहेर फेकलं जातं.
– एका टॅबमध्ये मोठा रिपोर्ट तयार होत असताना दुसरा टॅब नुसता फिरत राहतो.

तुमचं लक्षण यांपैकी कुठलं, ते आधी एका ओळीत लिहून काढा. ‘सेशनचा प्रॉब्लेम आहे’ एवढ्यावर शोध सुरू केला की माणूस भलत्याच फाइलमध्ये दिवस घालवतो.

तपासाला लागण्याआधी एक गोष्ट डोक्यात पक्की हवी. ब्राउझर आणि सर्व्हर ज्या नियमांनी बोलतात त्या एचटीटीपीला स्वतःची आठवण नसते. ती सोय म्हणून १९९४ मध्ये नेटस्केप या ब्राउझर कंपनीच्या लू माँटुली यांनी कुकी आणली, म्हणजे सर्व्हरने ब्राउझरकडे ठेवायला दिलेली छोटी नोंद. ही कुकी ब्राउझरच्या प्रोफाइलची असते, टॅबची नसते. त्या प्रोफाइलमधले सगळे टॅब आणि सगळ्या विंडो सर्व्हरला एकच ओळखपत्र दाखवतात. त्या ओळखपत्राच्या नावाने सर्व्हर जी माहिती जपून ठेवतो ते सेशन. रिक्वेस्ट कोणत्या टॅबमधून आली हे सर्व्हरला कळण्याचा मार्गच नाही, आपण मुद्दाम सांगितलं तरच कळतं. लोकल स्टोरेज, म्हणजे ब्राउझरमध्येच माहिती ठेवायची जागा, तीही अशीच सामायिक. तशीच दुसरी जागा, सेशन स्टोरेज, तेवढी प्रत्येक टॅबची वेगळी. नावात ‘सेशन’ असलं तरी सर्व्हरवरच्या सेशनशी तिचा काही संबंध नाही, आणि या नावामुळे झालेले घोटाळे मी पुष्कळ पाहिलेत.

१. प्रायव्हेट विंडो: एक मिनिटाची तपासणी

एक साधी विंडो आणि एक प्रायव्हेट विंडो उघडा. दोन्हींत एकाच खात्याने लॉगिन करा आणि बिघाड घडवून पाहा.

बिघाड गायब झाला, तर दोष सामायिक कुकी, सेशन किंवा लोकल स्टोरेजमध्ये आहे. तसाच राहिला, तर दोन वेगळ्या सेशनमध्येही तो होतोय. म्हणजे दोष खात्यावर टांगलेल्या माहितीत किंवा डेटाबेसमध्ये आहे, आणि दोन वेगळ्या संगणकांवरूनही तो घडणार. एवढ्या एका उत्तराने अर्धा शोध वाचतो.

क्रोममध्ये दोन प्रायव्हेट विंडो उघडून ही चाचणी करू नका. त्या दोघींची कुकी एकच असते. सफारीत प्रत्येक प्रायव्हेट टॅब वेगळा धरला जातो, त्यामुळे सफारीवर तपासणाऱ्याला बिघाड दिसत नाही आणि क्रोमवाल्याला दिसतो. मग दोघांत उगाच वाद होतो. मला कायमची सोय हवी असते तेव्हा मी दोन प्रोफाइल बनवून ठेवतो. फायरफॉक्समध्ये कंटेनर वापरूनही तेच साधतं.

२. दुसरा टॅब कसा उघडला?

हे विचारायला काही लागत नाही, पण फार कमी जण विचारतात. पत्ता टाइप करून उघडला, लिंकवर कंट्रोल-क्लिक केलं, टॅबवर राइट-क्लिक करून ‘डुप्लिकेट’ केलं, की ॲपनेच पॉपअप उघडला?

फरक पडतो तो सेशन स्टोरेजमुळे. टॅब डुप्लिकेट केला की त्याची पूर्ण प्रत नव्या टॅबमध्ये जाते, आणि त्यानंतर दोघांच्या वाटा वेगळ्या होतात. ‘विंडो डॉट ओपन’ने उघडलेल्या पॉपअपमध्येही प्रत जाते, ‘नोओपनर’ (नव्या विंडोचा मूळ विंडोशी दुवा तोडणारा पर्याय) दिलेलं नसेल तर. नव्या टॅबमध्ये उघडणाऱ्या साध्या लिंकच्या बाबतीत क्रोमने ८९व्या आवृत्तीपासून प्रत देणं बंद केलं. त्यामुळे जुन्या ॲपमध्ये ‘आधी चालत होतं, आता नव्या टॅबमध्ये रिकामं येतं’ अशी तक्रार असेल तर इथेच पाहा.

याचा उलटा फटकाही बसतो. प्रत्येक टॅबला वेगळा क्रमांक देऊन तो सेशन स्टोरेजमध्ये ठेवण्याची पद्धत चांगली आहे, पण डुप्लिकेट केलेल्या टॅबला तोच क्रमांक मिळतो आणि दोन टॅब एकच होऊन बसतात. उपाय असा: टॅब सुरू होताना ब्रॉडकास्ट चॅनलवर (एकाच साइटच्या टॅबना एकमेकांशी बोलू देणारी ब्राउझरची सोय) ‘हा क्रमांक कुणाकडे आहे का?’ असं विचारायचं, आणि उत्तर आलं तर नवा क्रमांक घ्यायचा. सफारीत ही सोय १५.४ या आवृत्तीपासून आहे, क्रोम आणि फायरफॉक्समध्ये त्याआधीपासून.

३. कुकी स्वतः पाहा

डेव्हलपर टूल्समध्ये कुकींची यादी उघडा आणि सेशन कुकीचं नाव, डोमेन, पाथ, सेमसाइट (दुसऱ्या साइटवरून आलेल्या रिक्वेस्टसोबत कुकी जावी का, हे ठरवणारं सेटिंग) आणि आकार कागदावर उतरवा. मी अजूनही कागदावरच उतरवतो, कारण बिघाड झाल्यानंतर पुन्हा पाहून तुलना करायची असते.

कुकी पोर्ट पाहत नाही. लोकलहोस्टवर ३००० आणि ८०८० अशा दोन पोर्टवर दोन ॲप चालू असतील आणि दोघांच्या कुकीचं नाव एकच असेल, तर एकात लॉगिन केलं की दुसऱ्यातून बाहेर पडायला होतं. टॉमकॅट या सर्व्हरवरच्या दोन जावा ॲपमध्ये दोघांचा पाथ मूळ पत्त्यावर ठेवला की हमखास असं होतं. नावं बदला, विषय संपतो. तसंच एक टॅब ‘डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू’ लावलेल्या पत्त्यावर आणि दुसरा त्याशिवायच्या पत्त्यावर असेल, तर डोमेन न दिलेल्या कुकी दोघांच्या वेगळ्या असतात. वापरणाऱ्याला वाटतं, आपण लॉगिन केलं होतं की!

सगळं सेशनच कुकीत भरत असाल तर आकार बघा. एका कुकीला साधारण ४०९६ बाइटची मर्यादा असते. ती ओलांडली की ब्राउझर कुकी मुकाट्याने टाकून देतो आणि जुनीच राहते.

सेमसाइटवर जरा थांबा. क्रोमने ८०व्या आवृत्तीपासून, म्हणजे फेब्रुवारी २०२० पासून, सेमसाइट न लिहिलेली कुकी ‘लॅक्स’ धरायला सुरुवात केली. अशी कुकी दुसऱ्या साइटवरून आलेल्या पोस्ट (माहिती पाठवणाऱ्या) रिक्वेस्टसोबत जात नाही. पेमेंटची पॉपअप विंडो पैसे भरून आपल्या साइटवर पोस्टने परतते, कुकी सोबत नसते, सर्व्हर तिला नवा पाहुणा समजून नवं सेशन देतो, आणि ती नवी कुकी जुनीवर लिहिली जाते. मागे उघडा असलेला मूळ टॅबही त्याच क्षणी लॉगआउट! भर म्हणजे सेमसाइट न लिहिलेल्या ताज्या कुकीला क्रोमने अशा पोस्टसाठी २ मिनिटांची सवलत दिली होती. म्हणून भराभर चाचणी करणाऱ्याला सगळं ठीक दिसतं आणि कार्ड शोधत बसलेला ग्राहक अडकतो. परतीच्या पत्त्यावर नवं सेशन कधीच तयार करू नका. तिथे फक्त व्यवहार क्रमांक तपासा आणि मग साध्या गेट (पान मागणाऱ्या) रिक्वेस्टने आपल्याच साइटच्या पानावर वळवा.

४. जुना झालेला टॅब

४०३ आणि लाराव्हेल या पीएचपी फ्रेमवर्कचा ४१९ बहुतेक वेळा सीएसआरएफ टोकनचे असतात, म्हणजे फॉर्म आपल्याच साइटवरून आला हे पटवणाऱ्या खुणेचे. लॉगिन होताच टोकन बदलतं (पायथनचा जँगो तर मुद्दाम बदलतो, आणि तेच बरोबर आहे), पण आधीपासून उघड्या टॅबमधल्या फॉर्ममध्ये जुनंच टोकन छापलेलं असतं. कृपा करून सीएसआरएफ तपासणी बंद करू नका. एरर आला की नवं टोकन मागून घ्या आणि भरलेली माहिती फॉर्ममध्ये तशीच राहू द्या. अर्धा तास टाइप केलेला मजकूर उडून जाणं वापरणाऱ्याला फार लागतं.

लॉगआउटची बातमी बाकीच्या टॅबला द्यायची तर ब्रॉडकास्ट चॅनल किंवा लोकल स्टोरेजचा ‘स्टोरेज’ इव्हेंट पुरेसा आहे. हा इव्हेंट ज्या टॅबने बदल केला त्याच्यात येत नाही, इतरांतच येतो. ‘माझ्याकडे चालत नाही’ म्हणणारे बहुतेक जण त्याच टॅबमध्ये वाट पाहत बसलेले असतात. बॅक बटणावर जुनं पान दिसत असेल तर ते ब्राउझरने स्मृतीतून जसंच्या तसं उचललेलं असू शकतं. ‘पेजशो’ इव्हेंटमधला ‘पर्सिस्टेड’ खरा असेल तर पुन्हा लॉगिन तपासा, आणि गोपनीय पानांना कॅशे-कंट्रोलमध्ये ‘नो-स्टोअर’ लावा.

दोन खात्यांच्या गोंधळावर मला टिकलेला उपाय हा: पान तयार होताना त्यात खात्याचा क्रमांक ठेवा, प्रत्येक रिक्वेस्टसोबत तो पाठवा, आणि सेशनमधल्या खात्याशी जुळला नाही तर काम न करता ४०९ हा एरर कोड द्या. टॅबवर स्पष्ट लिहा, ‘दुसऱ्या टॅबमध्ये वेगळ्या खात्याने लॉगिन झालं आहे’. एकाच वेळी अनेक खाती चालवायची असतील तर खातं पत्त्यातच यायला हवं. जीमेलच्या पत्त्यात ‘यू’नंतर ०, १ असे आकडे दिसतात ते याचसाठी.

५. घड्याळं

टॅब स्वतःचे सेकंद मोजून ‘आता लॉगआउट’ असं ठरवत असेल तर ते मोजणं काढून टाका. क्रोम ८८पासून, पाच मिनिटांहून जास्त मागे पडलेल्या टॅबचे टायमर मिनिटाला एकदाच जागे होऊ शकतात. शेवटच्या हालचालीची वेळ लोकल स्टोरेजमध्ये लिहा आणि प्रत्येक टॅबने आत्ताच्या वेळेतून ती वजा करून ठरवावं. नाहीतर मागचा निवांत टॅब पुढच्या टॅबमध्ये काम करणाऱ्याला बाहेर काढतो. सर्व्हरची मुदतही पाहून ठेवा: बदललेली नसेल तर टॉमकॅट ३० मिनिटं, एएसपी डॉट नेट २० मिनिटं, पीएचपी १४४० सेकंद.

६. सेशनमध्ये काय भरलंय?

आतापर्यंत कोड जवळजवळ उघडावा लागला नाही. आता लागेल.

सेशनमध्ये लिहिणारी प्रत्येक ओळ शोधा आणि सापडलेल्या नावांची यादी करा. मग प्रत्येक नावाला एकच प्रश्न विचारा: हे माणसाचं आहे की टॅबचं? खात्याचा क्रमांक, भाषा, अधिकार माणसाचे. ‘चालू अर्ज’, ‘निवडलेला ग्राहक’, ‘शोधाचे निकष’, ‘विझार्डची (पायरी-पायरीने भरायच्या फॉर्मची) पायरी’, ‘संपल्यावर कुठे परतायचं’ हे सगळं टॅबचं. टॅबचं जे काही सेशनमध्ये सापडेल, ते केव्हा ना केव्हा दगा देणार. सुरुवातीला सांगितलेला अर्जाचा घोटाळा नेमका इथला: ‘चालू अर्ज’ सेशनमध्ये, दुसऱ्या टॅबने तो बदलला, आणि जतन करणाऱ्या कोडने पहिल्या टॅबच्या फॉर्मला नव्या क्रमांकाशी जोडलं. कोडची प्रत्येक ओळ आपापल्या जागी बरोबर होती. म्हणूनच तो कुणाला सापडत नव्हता.

दुरुस्ती: रेकॉर्डचा क्रमांक पत्त्यात किंवा फॉर्ममध्ये ठेवा. तो आता ब्राउझरकडून येणार, म्हणजे कुणीही बदलून पाठवू शकतो. तेव्हा ‘या माणसाला हा रेकॉर्ड बदलायचा अधिकार आहे का’ ही तपासणी प्रत्येक रिक्वेस्टला सर्व्हरवर हवीच. क्रमांक सेशनमधून काढला आणि ही तपासणी घालायची राहिली, तर एक बिघाड काढून त्याहून मोठा आत घेतल्यासारखं होईल.

पाच-सहा पायऱ्यांच्या विझार्डला एवढं पुरत नाही. सुरुवात करताच एक प्रवाह क्रमांक तयार करा, तो प्रत्येक पायरीच्या पत्त्यात ठेवा, आणि सेशनमध्ये माहिती त्या क्रमांकाखाली साठवा. दोन टॅब, दोन प्रवाह, दोन कप्पे. जुने कप्पे कधी फेकायचे तेही ठरवा, नाहीतर सेशन फुगत जातं. ओऑथने (दुसऱ्या सेवेच्या खात्याने) लॉगिन करतानाही हेच लागू. दोन टॅबनी एकदम लॉगिन सुरू केलं आणि सेशनमध्ये ‘स्टेट’साठी (परत आलेलं उत्तर ओळखायची खूण) एकच जागा असली, तर पहिला टॅब परत येतो तेव्हा त्याची खूण पुसलेली असते. प्रत्येक ‘स्टेट’ला स्वतंत्र जागा द्या.

आता पहिल्या तपासणीत ज्यांचा बिघाड प्रायव्हेट विंडोतही राहिला होता, त्यांच्यासाठी. दोन टॅबमध्ये एकच रेकॉर्ड उघडा आहे आणि नंतर जतन करणारा आधीच्याचे बदल पुसतोय. टेबलमध्ये आवृत्तीचा कॉलम घाला, वाचताना ती आवृत्ती फॉर्मसोबत द्या, आणि लिहिताना ‘आवृत्ती अजून तीच असेल तरच’ ही अट क्वेरीतच लावा. शून्य ओळी बदलल्या तर समोरच्याला दोन्ही रूपं दाखवा आणि निर्णय त्याच्यावर सोडा. एपीआय असेल तर ईटॅग (आवृत्तीची खूण) आणि इफ-मॅच हेडर हेच काम करतात, न जुळल्यास ४१२ हा एरर कोड येतो.

७. एकाच क्षणी दोन रिक्वेस्ट

कार्टमधली वस्तू कधी जाते, कधी जात नाही, तेव्हा बहुतेकदा सेशनचा गठ्ठा पूर्ण वाचून पूर्ण लिहिला जात असतो. दोन रिक्वेस्ट एकाच वेळी वाचतात, आपापली वस्तू घालतात, आणि नंतर लिहिणारी पहिलीची पुसते. सर्व्हरच्या त्या फंक्शनमध्ये मुद्दाम तीन सेकंदांचा थांबा घाला आणि दोन्ही टॅबमधून लागोपाठ दाबा. लपंडाव खेळणारा बिघाड दर वेळी दिसू लागेल. दुरुस्ती सोपी: कार्ट सेशनमधून काढून डेटाबेसच्या टेबलात ठेवा, प्रत्येक वस्तूची वेगळी ओळ.

पीएचपीत हा बिघाड सहसा होत नाही, कारण फाइलमधलं सेशन सुरू होताच त्यावर लॉक बसतं. पण म्हणूनच तिथे रिपोर्ट चालू असताना दुसरा टॅब फिरत बसतो! रिपोर्टच्या कोडमध्ये सेशन वाचून झालं की ‘सेशन राइट क्लोज’ लगेच बोलवा. लॉगिन झाल्यावर सेशनचा क्रमांक बदलणं सुरक्षेसाठी आवश्यक आहे, पण तो प्रत्येक रिक्वेस्टला बदलून जुना तिथल्या तिथे मारून टाकला, तर वाटेत असलेली दुसऱ्या टॅबची रिक्वेस्ट मेलेला क्रमांक घेऊन पोचते.

८. टोकन आणि एकाहून जास्त सर्व्हर

तीन-चार टॅब उघडे ठेवले की बाहेर फेकलं जाणं: जिथे रिफ्रेश टोकन (ॲक्सेस टोकनची मुदत संपल्यावर नवं आणून देणारं) एकदाच वापरता येतं तिथे आधी याचाच संशय घ्या. ॲक्सेस टोकनची (रिक्वेस्टसोबत जाणाऱ्या थोड्या मुदतीच्या परवान्याची) मुदत सगळ्या टॅबमध्ये एकदमच संपते, दोन टॅब एकच रिफ्रेश टोकन घेऊन धावतात, आणि दुसऱ्याला पाहून ओळख सर्व्हरला (लॉगिन तपासून टोकन देणाऱ्या सर्व्हरला) वाटतं की टोकन चोरीला गेलं. तो त्या लॉगिनची सगळी टोकनं रद्द करतो. नेटवर्क लॉगमध्ये काही क्षणांच्या अंतराने दोन रिफ्रेश रिक्वेस्ट दिसल्या की निदान पक्कं. वेब लॉक्स एपीआयने टॅबांमध्ये एक कुलूप ठेवा. कुलूप मिळाल्यावर आधी ‘कुणी नवं टोकन आणून ठेवलंय का’ ते पाहा, नसेल तरच मागा. हे एपीआय एचटीटीपीएसवरच चालतं, लोकलहोस्ट तेवढा अपवाद.

सर्व्हर अनेक असतील आणि सेशन प्रत्येकाच्या मेमरीत असेल, तर एक टॅब एका सर्व्हरवर आणि दुसरा दुसऱ्यावर जाऊ शकतो. चाचणीसाठी एक सोडून बाकीचे सर्व्हर रांगेतून काढा. बिघाड थांबला तर सेशन रेडिस किंवा डेटाबेससारख्या सामायिक जागी हलवा.

कुठे थांबायचं

वापरणाऱ्याला अनोळखी माणसाची माहिती दिसली, ज्याने त्या ब्राउझरवर कधी लॉगिनच केलेलं नाही, तर वरची एकही तपासणी करत बसू नका. हा टॅबचा बिघाड नाही. सीडीएनने (पानांच्या प्रती साठवून वाटणाऱ्या सर्व्हरांच्या जाळ्याने) लॉगिननंतरचं पान कुकीसकट साठवलं असेल, किंवा सर्व्हरच्या सामायिक व्हेरिएबलमध्ये एकाची माहिती दुसऱ्याला जात असेल. ते पान किंवा ती सेवा बंद करा, लॉग जपून ठेवा आणि सुरक्षा सांभाळणाऱ्यांना त्याच तासात बोलवा. कुणाला कळवणं कायद्याने बंधनकारक आहे, तेही त्यांनाच ठरवू द्या.

चुकीच्या रेकॉर्डवर माहिती जतन झाली असेल तर कोड दुरुस्त करा, पण जुना डेटा स्वतः अपडेट क्वेरी चालवून सारखा करू नका. कोणत्या ओळी बिघडल्या हे बॅकअप आणि ऑडिट लॉग ताडूनच कळतं, आणि ते काम डेटाबेस सांभाळणाऱ्याचं आहे. घाईत चालवलेल्या एका क्वेरीने उरलासुरला पुरावाही पुसला गेलेला मी पाहिला आहे.

ओळख सर्व्हर दुसऱ्या कुणाचा असेल, किंवा कुकीवर सही आणि एन्क्रिप्शन करणारा कोड घरचाच लिहिलेला असेल, तर त्यालाही जाणकाराशिवाय हात लावू नका.

मदत मागताना चार गोष्टी द्या: पहिली तपासणी काय म्हणाली, टॅब कसे उघडले, बिघाडाआधीची आणि नंतरची कुकी, आणि दोन्ही टॅबमधल्या रिक्वेस्टचा वेळेनुसार क्रम. नेटवर्कची एचएआर फाइल (ब्राउझरच्या सगळ्या रिक्वेस्टची नोंद) देणार असाल तर तिच्यातल्या कुकी आणि टोकनं आधी काढा. ती फाइल ज्याच्या हाती जाईल त्याच्या हाती तुमचं चालू लॉगिनही जातं, म्हणून पाठवण्याआधी त्या खात्यातून लॉगआउट करून सर्व्हरवरचं सेशनही रद्द करा.